हिस्ट्री घ्यायला आले आहे

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! खोली इतकी आवडली की बॅग न उघडता आधी हे लिहायला बसले. रुग्णालयाच्या आवारातच, नर्सेसच्या वसतिगृहाला लागून, पाहुण्यांसाठी बांधलेली बैठी खोली आहे. ऐसपैस टेबल, हातांची खुर्ची, आणि खिडकीतून दिसतं ते कपडे धुण्याच्या विभागाचं अंगण. तारांवर पांढऱ्या चादरी वाळत असतात आणि वारा आला की सगळ्या एकदम फुगतात. आजवर एका बँकेची पन्नाशी, दोन शाळांची शंभरी आणि एका पंपाच्या कारखान्याची पंचविशी लिहून झाली, पण एवढी चांगली जागा कुणी दिली नव्हती. पंपवाल्यांनी तर मला गोदामात झोपवलं होतं.

कामही मजेचं दिसतंय. विद्यापीठाचं हे शिकवणारं रुग्णालय. डॉक्टर होऊ घातलेली पोरं इथे रुग्णांवर शिकतात. त्याला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात, म्हणून त्याचा इतिहास आणि ध्येय असं देखणं पुस्तक काढायचंय आणि ते लिहायला मला बोलावलंय.

आल्या आल्या फजिती झाली. दारातल्या खिडकीपाशी गेले आणि ऐटीत सांगितलं की मी हिस्ट्रीसाठी आले आहे. आतल्या कारकुनाने मान वर न करता नाव, वय, वजन विचारलं. मला वाटलं ओळखपत्र बनवतायत. वजन कशाला लागतं ते कळेना, तरी सांगितलं, त्यातही थोडी काटछाट करून. मग त्याने मला वॉर्डातल्या मावशींच्या हवाली केलं. मावशींनी मला थेट एका पलंगावर नेऊन बसवलं, माझ्या चपला पायाने खाली सरकवल्या आणि बाई, आता शांत पडा म्हणाल्या. पाठोपाठ पांढऱ्या कोटातली पोरं गोळा झाली आणि त्रास कधीपासून होतोय असं विचारू लागली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथे हिस्ट्री म्हणजे रुग्णाची सगळी कहाणी. काय दुखतं, घरात कोणाला काय होतं, कोण कशाने गेलं. डॉक्टर ती रुग्णाकडून घेतात. मी यांची हिस्ट्री घ्यायला आले होते आणि हे माझी घ्यायला बसले होते! पोरं हसून बेजार झाली. कारकून मात्र हसला नाही. एकदा उघडलेली केस बंद करता येत नाही, राहू दे तशीच, तुमचं काय जातंय, असं म्हणाला.

संध्याकाळी ठकीला फोन केला. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. जन्मली तेव्हा कापडी बाहुलीसारखी दिसायची, म्हणून मीच ते नाव ठेवलं आणि ते तिला जन्माचं चिकटलं. तिला आठवा महिना चालू आहे. आई सध्या तिच्याकडेच असते. फजिती ऐकून ठकी इतकी हसली की पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं म्हणे. तिला हल्ली खडू खावासा वाटतो. शाळेत असताना खायचीस तेवढा पुरला नाही का, असं मी विचारलं. त्यावर तायडे, गप बस, म्हणून तिने फोन ठेवला.

७ फेब्रुवारी

आज डीनसरांनी अख्खी सकाळ दिली. गोल चेहरा, मऊ आवाज. समोरच्याचा कप रिकामा झाला की स्वतः उठून भरतात. असा माणूस लाभला तर पुस्तक आपोआप लिहून होईल, असं मला वाटून गेलं.

रुग्णालयाच्या जन्माची हकीकत झकास आहे. विद्यापीठाने आधी विद्यार्थी घेतले आणि रुग्णांचा विचार मागून केला. दोन खोल्या होत्या, पलंग होते, कोऱ्या चादरी होत्या, फक्त त्यांवर झोपायला कोणी नव्हतं. शिकाऊ पोरांच्या हातात जीव द्यायला कोण येणार? तेव्हा जे पहिले सर होते त्यांनी युक्ती काढली. पोरांना रिकाम्या पलंगाशी उभं करून ते मनाने रचलेला रुग्ण सांगायचे. विटा वाहणारी बाई, छातीत कळ, डावा खांदा दुखतो, आई दम्याने गेली, वगैरे. पोरांनी ते पाठ करायचं आणि पाढे म्हणावेत तसं एका सुरात म्हणायचं. असं कित्येक महिने चाललं. मग रुग्ण यायला लागले. पहिली आली ती विटा वाहणारी बाई. छातीत कळ, डावा खांदा दुखतो, आई दम्याने गेलेली.

मी म्हटलं, काय योगायोग! डीन हसले आणि त्यांनी माझा कप भरला.

विद्यापीठाने नेमून दिलेलं ध्येय एकाच ओळीचं आहे: इथे शिकवलेलं खोटं ठरणार नाही. इतर ठिकाणी उपचार, अध्यापन, संशोधन असं गुऱ्हाळ चालतं. त्यापुढे ही ओळ कशी ठसठशीत वाटते. मुखपृष्ठावर हीच घ्यायची. डीन असंही म्हणाले की एवढ्या वर्षांत इथलं एकही निदान चुकलेलं नाही. मी मान डोलावून लिहून घेतलं. पंपवालेसुद्धा म्हणायचे की आमचा पंप कधी बंद पडत नाही.

१२ फेब्रुवारी

आज शिकवणीची फेरी पाहिली. इथे केस सांगत नाहीत, म्हणतात. एका विद्यार्थ्याने रुग्णाशी बोलून त्याची हिस्ट्री घ्यायची, ती तोंडपाठ करायची आणि सगळ्यांसमोर हात मागे बांधून म्हणायची. हातात कागद चालत नाही. पहिल्या सरांचा दंडक आहे की कागद हरवतो, तोंड हरवत नाही. डीन डोळे मिटून ऐकतात. पटलं तर बरोबर एवढंच म्हणतात, आणि मग सगळी पोरं तीच केस एका सुरात पुन्हा म्हणतात. मला शाळेची प्रार्थना आठवली आणि हसू आवरेना.

म्हणणारी मुलगी शेवटच्या वर्षाची होती. तिला सगळे पोपट म्हणतात, कारण तिचं पाठांतर जबरदस्त आहे. दिसायला मात्र चिमणी. रुग्ण होते एक शिंपीकाका, त्यांच्या डाव्या पायाला न भरणारी जखम. सकाळी मीच त्यांच्याशी गप्पा मारल्या होत्या. हाच पाय मशीनवर मारून मारून आयुष्य गेलं, असं ते बँडेजवर थाप मारून सांगत होते. पोपट भराभर म्हणाली, पण घाईत डाव्याच्या जागी उजवा पाय म्हणून बसली. डीन बरोबर म्हणाले. पोरांनी उजवा पाय, उजवा पाय असं सगळं म्हणून टाकलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही! मी नंतर पोपटला कोपऱ्यात गाठून चिडवलं. ती पांढरीफटक पडली आणि मॅडम, प्लीज, कोणाला सांगू नका म्हणाली. परीक्षेच्या भीतीने पोरांचं काय होतं ते पाहवत नाही.

१४ फेब्रुवारी

शिंपीकाकांचं बँडेज उजव्या पायाला आहे.

मावशींना विचारलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. पहिल्यापासून उजवाच आहे, रोज मीच बदलते ना, तुम्ही लिहिणारी माणसं डोळे कुठे ठेवता, असं बरंच बोलल्या. काकांना विचारलं. ते म्हणाले, हाच पाय मशीनवर मारून मारून आयुष्य गेलं. आणि उजव्या बँडेजवर थाप मारली. डावा पाय स्वच्छ, साधा ओरखडाही नाही.

माझंच चुकलं असेल. समोर बसलेल्या माणसाचं डावं उजवं उलटच दिसतं. पण पोपट का पांढरी पडली होती?

२० फेब्रुवारी

पुस्तकाची तीन प्रकरणं झाली. शिंपीकाका उजव्या पायाने लंगडत, पण बरे होऊन घरी गेले. इथे सगळेच बरे होऊन जातात, हे मात्र कबूल करायला हवं.

आज गंमत केली. पोरांची परीक्षा जवळ आलीय आणि सरावाला रुग्ण कमी पडतायत. पोपट म्हणाली, मॅडम, तुमची केस उघडलेली आहेच, तर तुम्हीच व्हाल का माझ्या रुग्ण? मी एका पायावर तयार झाले. पलंगावर पडले, कण्हले, कपाळाला हात लावला. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत जाते, रात्रभर उलट्या होतात, असं रंगवून सांगितलं. पोपटचं तोंड उतरत गेलं तसा मला आणखी चेव आला. मग तिने घरच्यांचं विचारलं. भावंडं? साधं उत्तर द्यायचं की नाही! पण मला मसाला घालायची खोड. म्हटलं, एक धाकटी बहीण होती, ती लहानपणीच तापाने गेली. पोपटच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला फार यशस्वी वाटलं.

आता लिहिताना कसंतरी होतंय. जितीजागती बहीण मारून टाकली, तीही भरल्या पोटाची. उद्या ठकीला सांगून शिव्या खाईन म्हणजे मोकळं वाटेल.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. ठकीने मनसोक्त शिव्या दिल्या. मग म्हणाली, बरं, निदान मेल्यावर मला गोरी तरी सांगायचंस. आई मागून ओरडत होती की असलं अभद्र बोलू नका. मेहुण्यांनी पाळणा आणून घरात जोडायला घेतलाय आणि त्याचे दोन तुकडे उरलेत, ते कुठले ते कळत नाही म्हणे. खूप वेळ बोललो.

२३ फेब्रुवारी

पोपटने माझी केस म्हटली. वॉर्डभर पोरं उभी, डीन डोळे मिटून. मी पलंगावर पडून हसू दाबत होते. तिचं पाठांतर खरोखर अफाट. माझा एकही शब्द तिने गाळला नाही. कुटुंबात दोन बहिणी, पैकी धाकटी बालपणी तापाने मृत. डीन म्हणाले, बरोबर. मग सगळ्यांनी म्हटलं. इतक्या तोंडांतून एका सुरात ते ऐकताना अंगावर काटा आला, खरं सांगते. हसू कुठल्या कुठे गेलं.

जेवले. उजव्या बरगडीखाली कळ येते आहे. पाठीत जाते आहे.

२४ फेब्रुवारी

रात्रभर उलट्या. वॉर्डात दाखल केलं आहे. पोरं खुशीत आहेत, सगळी लक्षणं पुस्तकातल्यासारखी जुळतात म्हणतात. डीन येऊन हात हातात घेऊन गेले आणि पित्ताशयाचा साधा आजार आहे, बरं होणारच, असं म्हणाले.

ठकीचा नंबर लागत नाही. असा नंबर अस्तित्वात नाही, असं ती फोनमधली बाई म्हणते. फोनमध्ये तिचं नावही सापडत नाही. घाईत माझ्याकडूनच काहीतरी पुसलं गेलं असेल. मेहुण्यांना लावला. उचलला. मी म्हटलं, ठकी कुठे आहे? ते म्हणाले, कोण ठकी? मी आणखी बोलत राहिले. पाळण्याचंही बोलले. ते बिचारे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ताई, तुमचा राँग नंबर लागलाय, माझं लग्न झालेलं नाही.

ताईच म्हणाले. परक्या बाईला म्हणतात तसं.

२५ फेब्रुवारी

आईला फोन केला. आई आमच्या जुन्या घरी आहे, एकटी. तिने ते घर ठकीकडे जाताना बंद केलं होतं. मी विचारलं, तू ठकीकडे कधी निघालीस?   ती इतक्या हळू आवाजात बोलली की फोन कानात खुपसावा लागला. इतक्या वर्षांनी आज तिचं नाव का काढलंस बाई, असं म्हणाली. आणि रडायला लागली. ते रडणं ताजं नव्हतं. जुनं, सवयीचं रडणं होतं.

मी मारली तिला. दोन घटका पोरांची करमणूक व्हावी म्हणून.

२६ फेब्रुवारी

सलाईनची बाटली हातात धरून डीनच्या खोलीत गेले. ओरडले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. काही नाकारलं नाही. तेच जास्त भयंकर होतं.

ते म्हणाले, ध्येयाची ओळ तुम्ही मुखपृष्ठावर घेतलीत, पण तुम्हाला ती सजावट वाटली. इथे शिकवलेलं खोटं ठरत नाही. निदान रुग्णाला शोधत जात नाही, रुग्ण निदानाला येऊन मिळतो. ज्यांचा आजार जगात कोणाला कळला नसता, अशी माणसं इथे आली आणि आमच्या पोरांना ठाऊक असलेल्या आजाराने आजारी होऊन, बरी होऊन गेली. किती जीव वाचले मोजा, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं काय? त्यांनी चष्मा काढला. घरच्यांची माहिती सांगताना लोक सहसा खोटं बोलत नाहीत हो, असं म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

मी म्हटलं, मग परत म्हणा. दुरुस्त करून म्हणा. ते म्हणाले, शिकलेला मृत्यू शिकणाऱ्यांच्या तोंडातून काढता येत नाही. तरी परवा सरावाची फेरी आहे, तुमच्या समाधानासाठी करून पाहा.

मला घरी जाऊ द्या असं मी म्हटलंच नाही. फाटक उघडं आहे. पण ठकी इथे हरवली, तर शोधायचं इथेच ना.

२८ फेब्रुवारी

पोपटला सगळं सांगितलं. ती ढसाढसा रडली. शिंपीकाकांच्या पायापासून तिला झोप नाही. ती तयार झाली.

फेरीत तिने म्हटलं: दोन बहिणी, धाकटी जिवंत, प्रकृती उत्तम. डीन डोळे न उघडता म्हणाले, चूक. घरातला मृत्यू कुठे गेला? आणि सगळी पोरं आपोआप, कोणी न सांगता — धाकटी बालपणी तापाने मृत. पोपटसुद्धा. तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला होता, तरी हाताखाली ओठ तेच म्हणत होते.

१ मार्च

मला आठवायला लागलं आहे.

ताप. पडद्यामागची छोटी खाट. आई ओल्या फडक्याच्या घड्या घालते. मला शेजारी पाठवलेलं. शेजारच्या काकूंनी मला खायला दिलं आणि मी खाल्लं. मग बाबा न्यायला आले, ते दारातच बसले —

असं कधी झालं नाही! ठकीने माझ्या लग्नात नवऱ्याचा बूट लपवला. ठकीने गाडी शिकताना फाटक पाडलं. ठकी बारावीत नापास झाली आणि मी तिच्याबरोबर गच्चीवर बसले. या वहीत आहे ती. चार तारखेला हसली आहे. मी उघडून वाचते. वाचताना वाटतं, कोणीतरी छान रचलंय.

२ मार्च

तिचा आवाज आठवत नाही. खडूचं आठवतं, आवाज नाही.

ताप मात्र स्वच्छ आठवतो. घड्यांचा वास येतो.

पोपट आली होती. मी तिला म्हटलं, डीनना मृत्यू हवा आहे ना? घरातला एक मृत्यू हवा. तो ठेव. पण डाव्याचं उजवं झालं ते त्यांना कळलं नाही. मग धाकटीची थोरली झाली तर कसं कळेल? घाईत होतं तसं. दोन बहिणी, पैकी एक बालपणी तापाने मृत. हिशोब तोच. फक्त एक शब्द.

 पोपट म्हणाली, ताई, पण थोरली तर तुम्ही. पहिल्यांदाच ती मला मॅडम नाही, ताई म्हणाली.

म्हटलं, माहीत आहे गं.

३ मार्च

उद्या परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार. मी पोपटची रुग्ण. ती नाही म्हणते. मी तिचे पाय धरले. ती पळून गेली.

भीती वाटते. मरायची वाटते तशी नाही — मरण निदान आपलं असतं. आपल्यामागे कोणीतरी आपल्याला ओळखून रडतं. आईला फक्त एक पोर आठवेल, केव्हाची गेलेली. बँक, शाळा, पंप, सगळं दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं असेल. नवऱ्याशी पटलं नाही ते भांडणसुद्धा जाईल. तेही आता हवंसं वाटतं आहे, हसावं की काय.

आणि मी विसरत चालले आहे. हे सगळ्यात वाईट. उद्यापर्यंत ठकी माझ्या मनातूनही मेली तर मी कशाला कोणासाठी काही करेन? आज हवी आहे ती. आत्ता हवी आहे. म्हणून पुन्हा पुन्हा लिहिते — माझी बहीण जिवंत आहे. नववा महिना लागला आहे. माझी बहीण जिवंत आहे. माझी बहीण

मावशी म्हणाल्या, बाई, थोडं पडा. कोणाला लिहिताय एवढं? आहे का कोणी? म्हटलं, आहे.

४ मार्च, सकाळ

वॉर्ड धुऊन काढला आहे. मावशींनी माझ्या केसांची वेणी घातली. परीक्षक उंच आहेत, खोकतात. डीन शेजारी. वही पांघरुणाखाली. लिहिलं तर टिकेन असं वाटतं.

ठकीचा नंबर मला तोंडपाठ आहे. तो एक हरवला नाही. मघापासून लावते आहे. अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही.

पोपट आली. हात मागे. माझ्याकडे बघत नाही. डोळे सुजलेत.

सुरू केलं तिने. नाव. वय. बरगडीखाली कळ. नीट म्हणते आहे, फार नीट, अशी म्हणाली तर चुकणार कशी — पोरी, घाई कर, घाई

कुटुंब. थांबली.

डीननी भुवया उंचावल्या. आठवत नाही का, विचारताहेत. परीक्षक खोकले.

आता बघितलं तिने माझ्याकडे. मी मान हलवली. हो म्हटलं.

दोन बहिणी, म्हणाली. पैकी थोरली —

म्हणाली! थोरली म्हणाली. बालपणी तापाने मृत. डीनचे डोळे मिटलेलेच. बरोबर. बरोबर म्हणाले ते. पोरं आता म्हणतील. म्हणताहेत. पाय गार पडले. फडकं, ओल्या घड्या, पण खाटेवर मी आहे, वरून आई वाकली आहे, केवढी तरुण आई —

नंबर लावला. वाजतोय.

वाजतोय!

उचलला. तीच. तोच आवाज, आठवला. मागे आई कोणाला तरी पाळण्याचे तुकडे नीट धरा म्हणते आहे. ठकी दम लागल्यासारखी बोलते. हॅलो म्हणते आहे. दोनदा म्हणाली. कोण बोलतंय म्हणते. आईला सांगते आहे, कोणीतरी बाई आहे, नुसती श्वास घेते. कोण बोलतंय, कोण हवंय तुम्हाला, विचारते आहे. मी म्हटलं, ठकी, मी तुझी